पुस्तकातली गावं नकाशावर: बनगरवाडी, गारंबी, कोंडुरा नेमकी कुठे टेकवायची?

रेघोटी

मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतेच.

नकाशे हे माझं पोटापाण्याचं काम. ऑफिसात पाइपलाइन, गटारं, रस्त्यांची रुंदी. घरी आल्यावर मात्र गेलं वर्षभर एक वेगळाच नकाशा करते आहे. मराठी लेखकांनी खऱ्या मुलखात वसवलेली गावं त्यात आहेत. शेजारची नदी खरी, बंदर खरं, तालुक्याचं गाव खरं, मधलं एक नाव मात्र लेखकाचं. अशी साधारण ३० नावं जमली आहेत.

अडचण पहिल्याच नावाला आली. श्री. ना. पेंडशांच्या 'गारंबीचा बापू'तली गारंबी. क्यूजीआयएसमध्ये (नकाशे करायचं सॉफ्टवेअर) गावांची यादी घालून आपोआप ठिकाणं शोधायला लावली, तर गारंबी चटकन सापडली. मुरुडजवळ. मी खूश झाले. मग जिल्हा पाहिला तर रायगड! मुरुड-जंजिऱ्याच्या वर डोंगरात गारंबी आहे, धरण आहे, पावसाळ्यात लोक धबधब्याला जातात. पण पेंडशांचा मुलूख तो नव्हे. ते मुर्डीचे, दापोली तालुक्यातले, जन्म १९१३. त्यांच्या कादंबऱ्या हर्णे, अंजर्लं, दापोली या टापूतल्या. आणि गंमत अशी की त्या टापूतही एक मुरुड आहेच, महर्षी कर्व्यांचं. म्हणजे खरी गारंबी एका मुरुडाशेजारी आणि कादंबरीतली दुसऱ्या. यंत्राने चूक केली, पण अशी की न तपासता कोणीही खरी मानली असती.

तेव्हापासून प्रत्येक नाव हाताने तपासते आहे. पुस्तक उघडायचं, त्यात आलेलं प्रत्येक खरं नाव वहीत लिहायचं. कोण कुठून कुठे गेलं, चालत की गाडीने की होडीने, किती वेळ लागला, ऊन तोंडावर होतं की पाठीवर. 'कोसभर', 'न्याहारीच्या वेळेला पोचलो', 'दिवस मावळायला' हे सगळं माझ्यासाठी मोजमाप आहे. खऱ्या गावाभोवती तेवढ्या चालीचं वर्तुळ काढते. दोन-तीन वर्तुळं एकमेकांत शिरली की मधल्या जागेत ते गाव असावं.

मदत हवी आहे ती तुमच्या मुलखाच्या ज्ञानाची. माणदेश, दापोली, वेंगुर्ला आणि गोवा इथले कोणी असाल तर प्लीज लिहा.

आटपाडीकर

रेघोटीताई, वाचनखूण साठवली. बनगरवाडीबद्दल सांगतो.

ती कादंबरी लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर माडगुळ्याचे, आमच्याच आटपाडी तालुक्यातले. कोवळ्या वयात ते निंबवड्याला मास्तर होते. आमच्याकडे कोणालाही विचारा, लेंगरेवाडीकडे बोट दाखवतील. म्हणतील, "हीच ती." नाव कसं बदललंय बघा. आमच्या भागात वाडीला तिथल्या मुख्य भावकीचं आडनाव लागतं. लेंगऱ्यांची लेंगरेवाडी, तशी बनगरांची बनगरवाडी. आडनाव बदललं, घडण तीच ठेवली. माणदेशाबाहेरच्या लेखकाने नाव रचलं असतं तर ते असं कानाला बरोबर लागलं नसतं.

पण ताई, एक सावधगिरीची सूचना. तुम्ही उपग्रहाच्या चित्रावर बनगरवाडी दाखवणार असाल तर ती कादंबरी तिथे दिसणारच नाही. टेंभू योजनेचं पाणी आलंय. कृष्णेचं पाणी कऱ्हाडजवळून टप्प्याटप्प्याने उचलून आमच्याकडे आणलं आहे. जिथे माळ होता तिथे डाळिंबाच्या बागा आणि शेततळी आहेत. त्या पुस्तकाचा शेवट दुष्काळात होतो, मेंढरं मरतात, धनगर वाडी सोडून जगायला बाहेर पडतात. खाली हिरवागार पट्टा दिसत असताना ते कोणाला पटणार? माळ म्हणजे काय हे कळायला जुना नकाशाच पाहिजे.

आणि जुनी हद्दही लागेल. आमचा भाग तेव्हा औंध संस्थानात होता. औंध सलग नव्हतं. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, गुणदाळ तर पार विजापूरच्या अंगाला. मधे मधे इंग्रजी मुलूख आणि दुसरी संस्थानं. कादंबरीतल्या मास्तराचं 'सरकार' म्हणजे औंधचं सरकार. वाडीत तालीम बांधली जाते आणि राजा स्वतः येतो, तो प्रसंग आठवा. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे केवढे पुरस्कर्ते होते हे ज्याला माहीत आहे त्याला ती तालीम नुसती तालीम वाटत नाही. संस्थान १९४८ साली विलीन झालं, म्हणजे कथेचा काळ त्याच्या अलीकडचा असू शकत नाही. पुस्तक आलं १९५५ला.

अजून एक, नकाशात शेजारी स्वतंत्रपूरही टाका. आटपाडीजवळची कैद्यांची खुली वसाहत, १९३९ची. तिच्यावरून 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७चा चित्रपट झाला आणि त्याची कथा गदिमांची, म्हणजे थोरल्या भावाची. एकाच माळावरून दोन भावांनी दोन गोष्टी उचलल्या.

रेघोटी

@आटपाडीकर, काय लिहू? संस्थानांच्या हद्दींचा विचार मी केलाच नव्हता. आज सांगली जिल्ह्याची सीमा टाकून बसले होते. ती पुसते. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे आहेत माझ्याकडे, पण जुने एक इंच-एक मैलवाले मिळवून त्यांवर काम करायला हवं.

शाईपेन

मला हा उपक्रम मनापासून खटकतो आहे आणि ते स्पष्ट लिहितो.

लेखकाने नाव बदललं ते का? 'बनगरवाडी'तल्या अंजीवर, आयबूवर, शेकूवर, आनंदा रामोश्यावर त्याला मोकळेपणाने लिहायचं होतं म्हणून. खरं नाव ठेवलं असतं तर प्रत्येक माणसाला मूळ माणूस चिकटला असता. लेखकाने जी झाकली ती मूठ आपण सत्तर वर्षांनी उघडायची, आणि तीही अक्षांश-रेखांशांसह? उद्या कोणी तरी मोबाइल घेऊन त्या वाडीत जाऊन विचारेल, अंजीचं घर कुठलं? तिथल्या एखाद्या म्हातारीला ते कसं वाटेल?

दुसरं, या कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाच्या नावाचा अर्थ होतो 'गावाला भिंती नव्हत्या'. जिला भिंतीच नाहीत तिला तुम्ही वर्तुळात कोंडणार.

जोगनदी

शाईपेन, तुमचं म्हणणं समजतं, पण आमच्याकडे हे कधीच होऊन बसलं आहे. दापोलीहून हर्णे-मुरुडकडे येताना आसूद लागतं. पर्यटकांना तिथे नेतात आणि सांगतात, हीच गारंबी. व्याघ्रेश्वराचं देऊळ, वर केशवराज, गोमुखातून पडणारं पाणी, ओळीने उभ्या पोफळी, पाटाचं पाणी. कादंबरी वाचलेला माणूस तिथे उभा राहिला की त्याला खात्रीच पटते. मीही कॉलेजात असताना पुस्तक घेऊन त्या पायऱ्या चढलो होतो आणि केशवराजाच्या देवळाशी बसून पन्नासेक पानं वाचली होती. ती दुपार मला अजून तशीच्या तशी आठवते.

पण नंतर पुन्हा वाचताना जाणवलं, पेंडसे मुर्डीचे. मुर्डी-अंजर्लं खाडीच्या उत्तरेला, हर्णे आणि आसूद दक्षिणेला. मधे जोग नदीचं मुख. माणसांचे स्वभाव, भाऊबंदकी, खोतांचे दरारे हे त्यांनी लहानपणी आपल्या काठावर पाहिलं असणार आणि पोफळीचं आगर पलीकडच्या काठावरून आणलं असणार. माझा आपला अंदाज आहे. म्हणजे गारंबी एका गावावर बसवलेली नाही, दोन काठ जोडून केलेली आहे. आसुदाला टिंब दिलं तर मुर्डीवर अन्याय.

रेघोटी, तुमच्या वर्तुळांत एक गोष्ट मात्र चुकेल. तुम्ही चालीचा हिशेब धरता. जुन्या कोकणात लांबचं अंतर पाण्यावरून मोजत. मुंबई जवळ होती, कारण आगबोट हर्णेला लागायची. आगबोट दूर उभी राहायची, होडीतून माणसं किनाऱ्यावर यायची. आणि पावसाळ्यात बोटी बंद. चार महिने तेच गाव मुंबईपासून कितीतरी लांब जायचं. 'चाकरमानी आला नाही', 'पत्र आलं नाही' असं वाचताना महिना कुठला ते बघा. एकाच गावाचे दोन नकाशे करावे लागतील, एक उन्हाळी, एक पावसाळी.

रेघोटी

हे वाचून आज काम बाजूला ठेवलं. उन्हाळी आणि पावसाळी नकाशा! गेल्या वर्षभरात मला कोणी याहून मोलाचं काही सांगितलेलं नाही.

@शाईपेन, तुमचा मुद्दा दोन दिवस डोक्यातून गेला नाही. तुम्ही बरोबर आहात. घरं, माणसं, कुटुंबं यातलं काहीही नकाशावर येणार नाही, हे आजच ठरवलं. पण नकाशा सोडणार नाही, कारण लेखकांनी तो स्वतःच आपल्या हाती दिला आहे. लपवायचंच असतं तर औंध कशाला लिहिलं? हर्णे कशाला? एक नाव झाकून भोवतीची दहा नावं उघडी ठेवली आहेत. ती दहा नावं वाचकाने ओळखावीत अशी त्यांची अपेक्षा होतीच.

'तुंबाडचे खोत' घ्या. १९८७ची, दोन खंडांची. तिथे पेंडशांनी नाव बदललंच नाही. तुंबाड खेड तालुक्यात खरंच आहे आणि जगबुडी नदीही खरी. तीच जगबुडी पुढे वाशिष्ठीला मिळते. गारंबीला नाव झाकणारे पेंडसे पस्तीस वर्षांनी तुंबाडला उघडं नाव का ठेवतात? मला वाटतं, चार पिढ्यांची गोष्ट वाहून न्यायला त्यांना ती नदी हवी होती, आणि जगबुडी हे नाव कोणालाही सुचलं नसतं. जग बुडवणारी! ते नाव हाताशी असताना दुसरं का शोधावं?

(अवांतर: २०१८च्या चित्रपटाच्या नावामुळे हल्ली तुंबाड शोधणारे खूप झाले आहेत. त्या चित्रपटाची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. नकाशात दोन्हींची सरमिसळ करणार नाही.)

लांबचा पांथस्थ

मी इंग्लंडात असतो, दक्षिणेकडे. इथे टॉमस हार्डीच्या कादंबऱ्यांतल्या 'वेसेक्स' मुलखाचा नकाशा हा घरोघरी माहीत असलेला प्रकार आहे. डॉर्सेट परगण्यातलं डॉर्चेस्टर म्हणजे त्याचं कॅस्टरब्रिज, वेमथ म्हणजे बडमथ, सॉल्सबरी म्हणजे मेलचेस्टर. डॉर्चेस्टरच्या मुख्य रस्त्यावर एका बँकेच्या इमारतीवर पाटी आहे की कॅस्टरब्रिजचा मेयर इथे राहत असे असं मानतात. कधीच न जन्मलेल्या माणसाच्या घरावर पाटी! पहिल्यांदा पाहिली तेव्हा अंगावर काटा आला होता.

पण तुमच्या कामाला उपयोगी पडेल ती गोष्ट दुसरीच आहे. हार्डीने 'एग्डन हीथ' नावाचा एक प्रचंड उजाड माळ रंगवला. त्या 'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह' कादंबरीच्या १८७८च्या पहिल्या आवृत्तीत त्याने स्वतः काढलेला नकाशा होता. पुढे १८९५च्या प्रस्तावनेत त्यानेच सांगून टाकलं की निरनिराळ्या नावांचे निदान डझनभर खरे माळ मिळून हा एक माळ केला आहे. म्हणजे जोगनदी म्हणतात तसं दोन काठ जोडणं तर आहेच, इथे बारा तुकडे जोडलेत. आता अशा ठिकाणाला टिंब कुठे देणार?

कॅनव्हास

अनुमोदन. अमेरिकन कादंबरीकार फॉकनरचंही सांगायला हवं. त्याने मिसिसिपीतल्या लाफायेत परगण्यावरून योक्नापटाफा परगणा रचला आणि १९३६च्या कादंबरीला स्वतःचा नकाशा जोडला. क्षेत्रफळ २४०० चौरस मैल, लोकसंख्या गोरे ६२९८, काळे ९३१३. खाली लिहिलं, विल्यम फॉकनर, एकमेव मालक. जनगणनेसारखे आकडे, तेही गोरे-काळे वेगळे. त्या परगण्याचं सगळं दुखणं त्या दोन आकड्यांत आहे.

रेघोटी, तुमच्या नकाशात वाडी, गावठाण, महारवाडा, रामोशीवस्ती हे वेगळं दाखवणार का? गावकुसाबाहेरचं नकाशावर आलं नाही तर तो नकाशा अर्धाच आहे.

रेघोटी

@कॅनव्हास, दाखवणार. पुस्तकात जे जसं आलंय, त्या काळच्या शब्दांसकट, आणि ते शब्द पुस्तकातले आहेत अशी टीप देऊन. खाडाखोड करणार नाही. मात्र खऱ्या गावाच्या आजच्या वस्तीशी ते जोडणार नाही, शाईपेन यांच्या मुद्द्यामुळेच.

सुरंगीचा वळेसर

वेंगुर्ल्याची आहे मी. चिं. त्र्यं. खानोलकरांचा कोंडुरा तुमच्या यादीत आहे ना? तो खोटा नाही हं. वायंगणीच्या बाजूला समुद्रात डोंगर उतरतो तिथे कोंडुरा आहे. भरतीच्या वेळी कपारीत पाणी शिरतं आणि आतून आवाज येतो. लहानपणी आम्हांला तिकडे एकट्याने जाऊ देत नसत. कादंबरी १९६६ची, पण तो आवाज तिच्या कितीतरी आधीपासून माणसं ऐकत आली आहेत.

खानोलकरांचं गाव तेंडोली, कुडाळच्या बाजूला. म्हणजे कोंडुरा त्यांच्या मुलखातलाच. पण कादंबरीतला कोंडुरा देतो, मागतो आणि माणसाला झपाटतो. ती जागा नकाशावर सापडेल, पण ते देणं-मागणं कुठे दाखवणार?

आणि एक गुंता सांगते. श्याम बेनेगलांनी १९७८ला त्यावर चित्रपट केला तो हिंदी आणि तेलुगूत, आणि गोष्ट नेली आंध्रात. म्हणजे कोंडुरा तिकडच्या लोकांना त्यांचाच वाटत असेल. त्याला दोन टिंबं देणार का?

वाचनवेडा

तोच प्रश्न मालगुडीचा. आर. के. नारायण यांना १९३० साली विजयादशमीला लिहायला बसल्यावर एक छोटं रेल्वे स्टेशन दिसलं आणि त्याचं नाव मालगुडी. शरयू नदी, मेंपीचे डोंगर, कबीर गल्ली, लॉली एक्स्टेन्शन, सगळं त्यांनी वर्षानुवर्षं भरत नेलं. पण आमच्या पिढीला मालगुडी दिसते ती दूरदर्शनवरची, शंकर नाग यांनी आगुंब्याला चित्रित केलेली. आता शिवमोग्याकडच्या अरसाळू स्टेशनात मालगुडीचं संग्रहालय आहे, कारण मालिकेतलं स्टेशन ते होतं. मूळ लेखकाने जागा कधी नक्की सांगितली नाही, तरी कॅमेऱ्याने ती ठरवून टाकली.

चित्रीकरणाची ठिकाणं वेगळ्या थरात ठेवा, ही कळकळीची विनंती.

रेघोटी

ठरलं, तीन थर: पुस्तकाने दिलेल्या खुणांवरून निघालेला टापू, गावकरी ज्याकडे बोट दाखवतात ते ठिकाण, आणि पडद्यासाठी जिथे चित्रीकरण झालं ते. तिन्ही एकमेकांवर ठेवून पाहता येतील आणि एकेक बंदही करता येईल. आसूद दुसऱ्या थरात जाईल, लेंगरेवाडीही. आंध्र आणि आगुंबे तिसऱ्या.

@सुरंगीचा वळेसर, कपारीतला आवाज मात्र मला हवाच आहे. भरतीच्या वेळेला कोणी रेकॉर्ड करून देईल का? टिंबावर बोट ठेवलं की तो ऐकू यावा.

मांडवीतीर

गोव्यातून लिहितो. पुंडलिक नायक यांची कोंकणी कादंबरी 'अच्छेव' १९७७ची. खाणी आल्यावर एक शेतीचं गाव कसं उसवत जातं त्याची गोष्ट. गावाचं नाव कोळंब. नायक फोंडा तालुक्यातल्या वळवईचे. पण कोळंब नावाचं गाव सांगे तालुक्यात खरंच आहे आणि पुढे तिथेच खाणींविरुद्ध लोक उभे राहिले. लेखकाने ते गाव मनात धरलं होतं की नाव तेवढं जुळलं, हे मी छातीठोक सांगणार नाही. पण खाणपट्ट्यातला माणूस ती कादंबरी आपल्याच गावाची म्हणून वाचतो. डिचोलीचा, सत्तरीचा, सांग्याचा, सगळे.

माझी सूचना, कोळंबसाठी वर्तुळ नको, सगळा खाणपट्टाच फिक्या लाल रंगात दाखवा.

पायवाट

द. मा. मिरासदारांच्या गोष्टींतली भोकरवाडी? नाना चेंगट, बाबू पैलवान, गणा मास्तर यांच्यावाचून असा नकाशा पुरा कसा होईल?

रेघोटी

@पायवाट, भोकरवाडीचा मी खूप प्रयत्न केला. मिरासदार अकलूजचे, पुढे पंढरपूर. बोली त्या अंगाची. पण गोष्टींत दिशा मिळत नाहीत, अंतरं मिळत नाहीत. ती सगळी माणसं पारावर बसून बोलतात, फारशी कुठे जात नाहीत. वर्तुळ काढायला निदान दोन खरी गावं लागतात. तिला तूर्त समासात ठेवलंय, नावासकट. कोणाला एखाद्या गोष्टीत तालुक्याचं, बाजाराचं, नदीचं नाव आठवलं तर पान क्रमांकासह कळवा.

शाईपेन

रेघोटी, तुम्ही ऐकून घेतलंत आणि बदल केलात, त्याबद्दल मनापासून आभार. माझा विरोध आता उरला नाही. एक विनंती आहे. बनगरवाडीचा टापू दाखवताना त्याची कड ठळक रेषेने काढू नका. पुसट सोडा. आणि शक्य असेल तर वाडी रिकामी झाल्यानंतर धनगर ज्या दिशांना पांगले असतील, त्या वाटाही दाखवा. पुस्तक तिथे संपतं, पण मेंढरं घेऊन निघालेली माणसं कुठेतरी गेलीच असणार.

आटपाडीकर

@शाईपेन, हे फार चांगलं सुचवलंत. जगायला जायच्या वाटा आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना अजून पाठ आहेत. पाऊस कुठे लवकर, चारा कुठे, कोणाच्या रानात मेंढरं बसवायची, सगळं. दोघातिघांना विचारून लिहून काढतो. पंधरवडा द्या.

जोगनदी

मी आईला पावसाळ्याबद्दल विचारलं. तिचं लहानपण अंजर्ल्यातलं, खाडीवर पूल व्हायच्या आधीचं. ती म्हणाली, हर्णेच्या बाजाराला जायचं तर तरीने, म्हणजे होडीने, पलीकडे. ओहोटीला चिखलातून बरंच चालावं लागे, भरतीला होडी अगदी काठाला लागे, म्हणून बायका पंचांगातली तिथी बघून बाजाराचा दिवस ठरवत. श्रावणात पाणी चढलं की होडी बंद. मग नदीच्या वरच्या अंगाला, उतार (चालत ओलांडण्याजोगं पाणी) मिळेल तिथून पार होऊन डोंगराच्या कडेने यायचं. उन्हाळ्यात सकाळी जाऊन जेवायला घरी, आणि पावसाळ्यात तोच बाजार करून यायला दिवेलागण.

रेघोटी, तुमच्या पावसाळी नकाशासाठी हे पहिलं अंतर लिहून घ्या. तिने वाट बोटाने कागदावर काढून दिली आहे, फोटो उद्या टाकतो.

रेघोटी

लिहून घेतलं. आईंना विचाराल का, त्या उताराच्या जागेला काही नाव होतं का?